विक्री घटली, म्हणून माणूस घटला काय?

व्यापारात चढउतार असायचेच, असे आपण सारेच म्हणतो. म्हणताना ते शहाणपणाचे वाटते. परंतु ज्या घरात उतार प्रत्यक्ष येऊन बसतो, त्या घराला ह्या वाक्याचा फारसा आधार मिळत नाही. गेल्या महिन्यापर्यंत दिवसाला आठ-दहा ऑर्डरी येत होत्या. ह्या आठवड्यात दोन आल्या. काल एकही आली नाही. मालाचा दर्जा तोच, किंमत तीच, गिऱ्हाइकाची तक्रार नाही. मग झाले काय? पूर्वीच्या दुकानदाराला निदान आपला रस्ता दिसत असे. समोर नवे दुकान उघडले, रस्ता खणून ठेवला, शेजारची गिरणी बंद पडली, की गल्ला का आटला हे त्याला उंबरठ्यावर उभे राहून कळे. ऑनलाइन बाजारात दुकान मांडणाऱ्याला रस्ताच दिसत नाही. आकडा खाली आला एवढे त्याला समजते. तो कोणी खाली आणला आणि कशासाठी, हे बहुधा समजत नाही.

आपल्या धर्मग्रामांत अशी घरे आता थोडी नाहीत. फ्लिपकार्ट २००७ साली सुरू झाले, ॲमेझॉनने भारतात आपला बाजार २०१३ साली उघडला, मीशो २०१५ साली आले. त्यामुळे जागेचे भाडे भरण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही दुकानदार होता आले, ही मोठीच गोष्ट झाली. कोणी भगिनी क्रोशाचे टेबलक्लॉथ आणि स्नानसंस्काराचे अंगरखे विणते, कोणी बॉटल मसाल्याच्या बाटल्या भरते, कोणी मेणबत्त्या, जपमाळा, नाताळचे गोठे तयार करते. भायखळ्याच्या चाळीतील एका खोलीतून निघालेले पार्सल गुवाहाटीला पोहोचते. ह्या मिळकतीवर मुलांच्या फिया भरल्या जातात, आजारी सासऱ्यांची औषधे येतात, हाताखाली पॅकिंग करणाऱ्या एखाद्या मुलीचा पगार निघतो. म्हणूनच तो आकडा एकाएकी कोसळतो, तेव्हा प्रश्न केवळ व्यापाराचा राहत नाही.

विक्री पुन्हा कशी वाढवावी, हा ह्या लेखाचा विषय नाही. ते सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला विचार करावासा वाटतो तो त्या उताराच्या दिवसांत माणसाच्या मनात जे घडते त्याचा. पहिल्या आठवड्यात तो विचारतो, ‘मालाचे काय चुकले?’ हा व्यवहारी प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. छायाचित्रे जुनी झाली असतील, पोहोचवण्याचा खर्च वाढला असेल, दुसऱ्या कोणी तीच वस्तू स्वस्तात आणली असेल. परंतु उत्तर सापडत नाही तसतसा प्रश्न बदलत जातो. दुसऱ्या आठवड्यात तो होतो, ‘माझे काय चुकले?’ आणि महिना उलटला, की त्याचे रूप आणखी पालटते: ‘मीच कुचकामी आहे काय? देव माझ्यावर रुसला आहे काय? कोणाची नजर लागली काय?’ व्यापाराच्या वहीतला आकडा अशा रीतीने माणसाच्या आयुष्यावरचा निवाडा होऊन बसतो. हे स्थित्यंतर इतके हळू होते, की ते झाल्याचे त्याचे त्यालाही कळत नाही.

भायखळ्याला हा अनुभव नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी ह्याच परिसरात तो फार मोठ्या प्रमाणावर येऊन गेला आहे.

त्या काळी भायखळा हा मुंबईतील धनिकांच्या बंगल्यांचा भाग होता. तेथील लव्ह लेनमध्ये ‘प्रेमोद्यान’ नावाच्या बंगल्यात प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) राहत. मूळच्या सुरतेच्या जैन कुटुंबातील हे गृहस्थ कापसाच्या आणि समभागांच्या दलालीत शहराचे अग्रणी झाले होते. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकेचा कापूस बंद झाला. इंग्लंडची दृष्टी मुंबईकडे वळली. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या हकिकती आजही सांगितल्या जातात. हाती आलेला पैसा नव्या कंपन्यांच्या समभागांत धावला. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा समभाग ५०,०००च्या घरात गेला. एप्रिल १८६५मध्ये तिकडे युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार, हे कळताच इकडे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस ठरलेला होता. त्या दिवशी अर्धी मुंबई दुसऱ्या अर्ध्या मुंबईची देणेकरी होती आणि द्यायला कोणाजवळच काही नव्हते. प्रेमचंदही त्या लाटेतून सुटले नाहीत.

ह्या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १८६५ सालच्या वसंतात आपल्या कापसात काहीही बिघाड झालेला नव्हता. बोंड तेच होते, वेचणारे हात तेच होते. तो पूर्वीपेक्षा वाईट झाला म्हणून स्वस्त झाला नाही, आणि चार वर्षांपूर्वी महागला तोही अधिक चांगला झाला म्हणून नव्हे. दोन्ही वेळी निर्णय झाला तो सातासमुद्रापलीकडच्या रणांगणावर.

अशी उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखत घडली आहेत. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. २० एप्रिलपासून ऑनलाइन विक्री सर्व वस्तूंसाठी खुली होणार, असे सरकारने आधी सांगितले आणि १९ एप्रिलला तो निर्णय मागे घेतला. अत्यावश्यक वस्तूंखेरीज इतर माल लाल विभागात पाठवण्यास १८ मेपर्यंत परवानगी नव्हती, आणि मुंबई लाल विभागातच होती. त्या आठवड्यांत क्रोशाच्या टेबलक्लॉथची विक्री शून्यावर आली, ती टाके सैल पडले म्हणून नव्हे. पुढे ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली आणि लहान पार्सलांना असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेस जाणाऱ्या पार्सलांची नोंदणी थांबवली. ती १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. ज्या घरांतून तिकडे हस्तकलेचा माल जात असे, त्यांच्या दृष्टीने मधले दोन महिने म्हणजे नाताळच्या ऑर्डरींचा हंगामच होता.

तेव्हा विक्रीचा आकडा पुष्कळदा आपल्याबद्दल काहीच सांगत नसतो. येथपर्यंत कोणीही सहमत होईल, कारण हा विचार दिलासा देणारा आहे. पण त्याची दुसरी बाजू स्वीकारणे कठीण आहे, आणि मला वाटते, प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. उतार हा जर माझ्यावरचा निवाडा नसेल, तर चढ हेही माझ्या गुणाचे प्रशस्तिपत्र असू शकत नाही. चांगल्या दिवसांत आपण काय म्हणत होतो, ते आठवून पाहावे. विक्री वाढली, तेव्हा ‘देवाने आशीर्वाद दिला’ असे आपण म्हटले. मनातल्या मनात ‘आम्ही लायक होतो म्हणून दिला’ असेही जोडले. ज्याचे चालत नव्हते त्या शेजाऱ्याकडे पाहून ‘कष्ट कमी पडत असतील’ असा अंदाज बांधला. भरतीला ज्याने आपल्या पुण्याचे फळ मानले, त्याला ओहोटीच्या वेळी स्वतःचे पाप शोधत बसावे लागते. मोजपट्टी त्यानेच हाती घेतलेली असते. फक्त आता ती उलटी फिरते.

देवाचे आभार मानू नयेत, असा ह्याचा अर्थ नाही. रोजच्या भाकरीबद्दल आभार मानावेतच. परंतु आभार मानणे वेगळे आणि भाकरीच्या आकारावरून देवाची मर्जी मोजणे वेगळे. ईयोबाचे मित्र हीच चूक करतात. त्याची गुरे गेली, मुले गेली, शरीर फोडांनी भरले. मित्र येऊन सात दिवस गप्प बसले, तोवर ठीक होते. बोलू लागले, तेव्हा ते त्याला त्याच्या न केलेल्या पापाची कबुली मागू लागले. त्यांच्या हिशेबात दुःख आहे त्या अर्थी अपराध असलाच पाहिजे. ग्रंथाच्या अखेरीस देव रागावतो, तो ह्या हिशेबनीस मित्रांवर.

संत लूकच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात प्रभू येशू ह्याच समजुतीला थेट हात घालतो. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली होती. ती माणसे यरुशलेममधील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू स्वतःच उपस्थित करतो आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी देतो. मात्र तेवढ्यावर तो थांबत नाही. त्याच श्वासात तो ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची हाक देतो. म्हणजे कोसळणाऱ्या बुरुजावरून मेलेल्यांचा न्याय करू नका, पण जिवंत आहात तोवर स्वतःचे जीवन तपासा, असे दुहेरी सांगणे तेथे आहे. आपल्या विषयाला हे दोन्ही भाग लागू पडतात. विक्री का कोसळली, ह्यासाठी स्वतःला अपराधी ठरवू नये. ती कोसळल्यानंतर मी कसा वागतो, ह्याची झडती मात्र मला द्यावीच लागेल.

येथे कोणी विचारील, की मग जबाबदारी कोणाचीच नाही काय? सारेच युद्ध, जकात आणि दैव ह्यांच्यावर ढकलायचे काय? तसे मुळीच नाही. १८६५ सालच्या त्या पडझडीतही भाव उतरणे हा कोणाचा गुन्हा नव्हता. परंतु बँक ऑफ बॉम्बेने अशाश्वत समभागांच्या तारणावर लोकांच्या ठेवी उधळल्या, हा दोष होता. त्या बँकेचा कारभार १८६८मध्ये गुंडाळावा लागला आणि तिच्या व्यवहारांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. प्रेमचंद रायचंद ह्यांचा त्या बँकेवरील प्रभावही त्या चौकशीतून सुटला नाही. स्वतःचा पैसा गमावणारा आणि दुसऱ्याचा विश्वास गमावणारा, ह्या दोघांना एकाच तागडीत घालता येत नाही.

आजच्या ऑनलाइन बाजारातही दोष शोधायचाच, तर तो बऱ्याचदा अज्ञानाच्या विषम वाटणीत सापडेल. संत थॉमस अक्विनास (१२२५–१२७४) ह्यांनी व्यापारातील फसवणुकीची चर्चा करताना एका धान्यविक्रेत्याचा दाखला घेतला आहे. तो दुष्काळी गावात धान्य घेऊन येतो. मागून आणखी व्यापारी धान्य घेऊन येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. त्याने ते सांगितलेच पाहिजे काय? थॉमस म्हणतात, की चालू भावाने विकल्यास त्याने न्यायाचा भंग केला असे होत नाही. पण त्याने ते सांगितले किंवा भाव उतरवला, तर त्यात अधिक थोर सद्गुण दिसेल. आता ह्या दाखल्यातील पात्रे बदलून पाहावीत. आजचा बाजार चालवणारी कंपनी भावी मागणी जाणते, यादीतील क्रम ठरवते, केव्हा केव्हा स्वतःशी जवळीक असलेल्या विक्रेत्यांना पुढेही करते. आणि घरबसल्या विकणाऱ्या बाईला ह्यातले काहीच माहीत नसते. त्या धान्यविक्रेत्याने फक्त मौन पाळले होते. येथे तर वाट दाखवणाराच वाट बदलतो आणि तसे सांगत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ साली केलेल्या नियमांनुसार, जे १२ जुलै २०२०पासून लागू झाले, विक्रेत्यावर निर्बंध घालताना कारणे कळवणे अशा कंपन्यांना बंधनकारक झाले. आपल्याकडील ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांनी २०२० सालीच मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो, ते उघड करण्यास सांगितले. हे नियम लहान विक्रेत्याने जाणून घ्यावेत, कारण मागावेत आणि पाचसहा जणांनी मिळून मागावेत. न्याय मागणे हे कुरकुरणे नव्हे.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात विक्री घटलेल्या कारागिरांची दोन चित्रे एकमेकांशेजारीच आली आहेत. मात्र आपण ती त्या नजरेने क्वचितच वाचतो. एकोणिसाव्या अध्यायात इफिस नगरीतील देमेत्रिय नावाचा सोनार भेटतो. अर्तमी देवीचे रुपेरी देव्हारे करणे हा त्याचा धंदा. पौलाच्या प्रवचनांमुळे गिऱ्हाईक कमी होणार, हे त्याने ओळखले. आपल्या बांधवांसमोर बोलताना तो आधी मिळकतीची गोष्ट काढतो आणि मग लगेच देवीच्या अपमानाची. थोड्याच वेळात सारे शहर रस्त्यावर येऊन ओरडत असते, आणि आपण कशासाठी जमलो आहोत, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. धंद्याची भीती धर्माच्या वस्त्राखाली लपवली, की असे घडते. आपल्या शहरातही घटलेल्या गल्ल्याचा राग परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या किंवा परप्रांतीय फेरीवाल्यावर निघालेला आपण पाहिला आहे.

दुसरे चित्र त्याच्या आधीच्या अध्यायात आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारे दांपत्य रोममध्ये राहत होते. सुमारे इ. स. ४९ साली क्लौद्य बादशहाच्या हुकुमाने यहुद्यांना रोम सोडावे लागले. एका आज्ञेसरशी ह्या दोघांचे दुकान, गिऱ्हाईक, उधारी सारे मागे राहिले. ते करिंथला आले आणि त्यांनी तोच धंदा पुन्हा मांडला. पौल त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला घरात घेतले आणि कामावरही घेतले, कारण त्याचाही व्यवसाय तोच होता. ज्यांचा स्वतःचा बाजार नुकताच गेला होता, त्यांनी आणखी एका माणसासाठी आपल्या कामात जागा केली. बादशहाचा हुकूम त्यांना बदलता येत नव्हता. सुईदोरा, चामडे आणि घराचे दार मात्र त्यांच्या हाती होते.

ह्या दांपत्याकडे पाहिले, म्हणजे उताराच्या काळातील कर्तव्ये सुचू लागतात. पहिले कर्तव्य घरात खरे बोलण्याचे. विक्री कमी झाल्याची लाज वाटून कर्ता पुरुष किंवा स्त्री ती गोष्ट कुटुंबापासून लपवते. ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणत गुपचूप क्रेडिट कार्डावर दिवस काढते. कर्ज वाढत जाते ते ह्या मौनामुळे. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल इतके सांगावे. ह्या वर्षी नाताळला नवे कपडे होणार नाहीत, हे कळल्याने मूल खचत नाही. आईवडील कशाला तरी घाबरले आहेत आणि ते सांगत नाहीत, हे जाणवल्याने खचते.

दुसरे कर्तव्य आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाचे. उतार आला, की पहिली कात्री पॅकिंग करणाऱ्या मुलीच्या पगाराला लागते, कारण ती तक्रार करणार नसते. पोप लिओ तेरावे ह्यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यासमोर गिरण्या आणि खाणींतील कामगार होते. परंतु झालेल्या कामाची मजुरी अडवू नये हा दंडक एका खोलीतल्या धंद्यालाही तितकाच लागू आहे. पुढील महिन्यापासून काम देता येणार नसेल, तर ते आधी सांगावे. केलेल्या कामाचे पैसे मात्र द्यावेत, मग त्यासाठी आपला दुसरा खर्च थांबवावा लागला तरी चालेल. अडवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, ही याकोबाच्या पत्रातील ताकीद मालकाच्या उलाढालीचा आकडा विचारत नाही.

तिसरे कर्तव्य खोट्याला नकार देण्याचे. आकडा घसरला, की कोणीतरी सुचवतेच: नातेवाइकांकडून खोट्या ऑर्डरी घालाव्यात, पैसे देऊन पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहवून घ्यावेत, प्रतिस्पर्ध्याच्या मालाखाली एक तारा द्यावा. ‘सगळेच करतात’ हे त्याचे समर्थन असते. ह्यात फसवला जातो तो अनोळखी गिऱ्हाईक, आणि दुखावला जातो तो बहुधा आपल्यासारखाच दुसऱ्या एका खोलीत बसलेला विक्रेता. प्रामाणिकपणाने विक्री वाढेलच, असे आश्वासन मी देणार नाही. ते आश्वासन देणे, म्हणजे पुन्हा त्याच जुन्या मोजपट्टीकडे वळणे होईल. प्रामाणिक राहूनही दुकान बंद करावे लागू शकते. दुकान बंद करावे लागले तरी ती व्यक्ती अप्रतिष्ठित होत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्या १४ सप्टेंबर १९८१च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ ह्या परिपत्रकात हाच विचार मूलभूत रीतीने मांडला आहे. कामाचे मोल प्रथमतः काय तयार झाले ह्यावरून ठरत नाही. ते करणारा मनुष्य आहे, ह्यावरून ठरते, असे त्याचे सूत्र आहे. ते परिपत्रक निघाले त्यानंतर चार महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. भायखळ्याच्या खटाव मिलपासून लालबाग-परळच्या गिरण्यांपर्यंत पसरलेल्या ह्या भागात पुढे काय झाले, ते वडीलधाऱ्यांना सांगायला नको. हातात तीस वर्षांचे कसब असलेली माणसे घरी बसली, आणि त्या कसबाला गिऱ्हाईक उरले नाही. कित्येकांना पगार गेल्याचे दुःख झाले, त्याहून अधिक दुःख आपण आता कोणीच नाही असे वाटण्याचे झाले.

त्या काळी आणखी एका वर्गाची विक्री बसली, तिची आठवण आपण कमी ठेवतो. गिरणगावात शेकडो बाया खानावळी चालवत. घरी एकट्या राहणाऱ्या कामगारांना दोन वेळचे जेवण देऊन त्या संसार रेटत. प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून ह्या बायांना संघटित केले होते आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांना मिळवून दिले होते. संप लांबला, कामगार गावी परतले आणि खानावळींची ताटे रिकामी राहू लागली. त्यांच्या स्वयंपाकात काही उणे नव्हते. अशा वेळी एकेकटी असती, तर प्रत्येकीने दैवाला बोल लावला असता. मंडळ असल्यामुळे त्यांना निदान एकमेकींकडे पाहता आले, आणि जेवणाचे डबे व मोठ्या ऑर्डरी ह्यांसारख्या दुसऱ्या वाटा शोधता आल्या.

असे काही आपल्या ख्रिस्ती समाजात नव्हते असे नाही. वसईत पापडी येथे १९१८ साली कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली, तिचीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाले आणि आपल्या अनेक धर्मग्रामांत ते आजही चालू आहे. परंतु ह्या संस्थांकडे माणूस जातो तो फार उशिरा, सारे संपल्यावर. विक्री घटलेल्या माणसाला भिक्षा नको असते. त्याला हवे असते कोणीतरी हिशेब पाहणारे, त्याच अडचणीतून गेलेले, दोन महिन्यांची उसनवारी न लाजवता देणारे. ग्लोरिया चर्चसारख्या मोठ्या धर्मग्रामात घरबसल्या विक्री करणारी माणसे महिन्यातून एकदा एकत्र बसली, तर कोणाची विक्री एकट्याचीच घटली आहे आणि कोणती घट सर्वांचीच आहे, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळेल. नुसते तेवढे कळल्यानेही पुष्कळांची झोप परत येईल.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण देवाच्या औदार्याचा म्हणून ऐकतो. त्यात एक लहानसा संवाद आहे. दिवस मावळायला आला असताना मळ्याचा धनी बाजारात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो, की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात. ती म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. धनी त्यांची उलटतपासणी घेत नाही. तुम्ही सकाळी उशिरा उठला असाल, तुमच्या अंगी कसब नसेल, असे काही तो म्हणत नाही. बाजाराने त्यांना घेतले नाही, हे उत्तर त्याला पुरेसे वाटते, आणि तो त्यांना मळ्यात पाठवतो. संध्याकाळी त्यांच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी पडते, कारण त्यांच्या घरची चूल अर्ध्या मजुरीवर पेटणारी नसते.

प्रेमचंद रायचंद ह्यांनी भरभराटीच्या काळात, १८६४ साली, मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोरा ह्यांसाठी चार लाख रुपये दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे वैभव गेले. आईच्या नावाचा तो राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, तेव्हा ते पूर्वीचे कापूससम्राट राहिले नव्हते. पुन्हा दलालीचे काम करत त्यांनी आयुष्य सावरले होते. त्यांचा लव्ह लेनमधील बंगला पुढे अनाथाश्रम आणि रेजिना पाचिस कॉन्व्हेंटची शाळा झाला. रेजिना पाचिस म्हणजे शांतीची राणी. तेथील मुलींना १८६५ सालचा कापसाचा भाव ठाऊक असण्याचे कारण नाही.

पुढल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात कोणी आपला धंदा बसल्याचे सांगितले, तर ‘तुमचेच काहीतरी चुकले असेल’ असे म्हणू नये, आणि ‘देव परीक्षा पाहतो’ असेही घाईने म्हणू नये. त्याच्याकडे कामाला कोण आहे, घरात सर्वांना माहीत आहे काय, पुढच्या महिन्याचे भाडे कसे भरणार, हे विचारावे. उत्तर ऐकून जमेल ते करावे.